वाहनात परवान्याचे शस्त्र : निवडीआधी कायदा

नवी दिल्ली – रोकड घेऊन परतणारे व्यापारी, सराफ, पेट्रोलपंपचालक, गावापासून दूर शेती असणारे बागायतदार अशा मंडळींपैकी ज्यांना शस्त्रपरवाना मिळालेला असतो, त्यांच्यापुढे मोटारीत ठेवण्यासाठी कोणते शस्त्र योग्य, हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत या प्रश्नाभोवती एक वेगळी बाजारपेठच उभी आहे. भारतात मात्र 'कोणते' याच्या आधी 'ठेवता येते का' हे पाहावे लागते. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ एकत्र वाचल्यास असे दिसते की परवाना व्यक्तीला दिला जातो, वाहनाला नव्हे. प्रवासात शस्त्र धारकासोबत असू शकते. धारक उतरून गेल्यावर ते गाडीतच मुक्कामाला असणे या कायद्याच्या रचनेत बसत नाही. शस्त्राची निवडही याच एका गोष्टीवरून ठरते.

सामान्य परवानाधारकाला उपलब्ध असलेली यादी मुळातच आखूड आहे. स्वयंचलित शस्त्रे, लष्कर व पोलीस वापरतात त्या ९ मिलिमीटर, .४५, .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर मापाच्या काडतुसांवर चालणारी शस्त्रे 'प्रतिबंधित' वर्गात मोडतात. विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान ७ व कमाल १४ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. उरलेल्या वर्गातून .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .२२ बोअरची शस्त्रे, .३१५ बोअरची रायफल आणि १२ बोअरची बंदूक असे मोजके पर्याय राहतात. परवाना जिल्हाधिकारी, तर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात. पूर्वी एका व्यक्तीला तीन शस्त्रे ठेवता येत. २०१९च्या दुरुस्तीने ही संख्या दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. त्यामुळे 'एक घरासाठी, एक गाडीसाठी, एक शेतावर' हा पूर्वीचा हिशेब आता चालत नाही.

वैयक्तिक आयातीवर दीर्घकाळ निर्बंध असल्याने सरकारी कारखान्यांच्या शस्त्रांनाच बाजारात मोठे स्थान आहे. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४मध्ये आणलेले 'निर्भीक' हे .३२ बोअरचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर महिलांसाठीचे शस्त्र म्हणून गाजले. आयुध निर्माणी मंडळाचे २०२१मध्ये सात कंपन्यांत रूपांतर झाले. त्यांपैकी कानपूरस्थित ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीने ऑगस्ट २०२३मध्ये 'प्रबल' हे ५० मीटर पल्ल्याचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर सादर केले. पल्ल्याचा हा आकडा जाहिरातीत उठून दिसतो. मोटारीत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नाही.

वाहनाच्या संदर्भात लांब नळीची बंदूक किंवा रायफल सर्वांत गैरसोयीची ठरते. ती आसनांमध्ये मावत नाही, वळवता येत नाही, आणि गाडी सोडून जाताना सोबत नेणे अवघड असल्याने ती डिकीतच राहून जाते. शेताची राखण किंवा गोदामाचा पहारा यांसाठी घेतलेली बंदूक केवळ जाण्या-येण्यापुरती, रिकामी करून व म्यानात घालून न्यावी, हेच तिच्याबाबत सयुक्तिक आहे.

लहान शस्त्रांत रिव्हॉल्व्हर व पिस्तूल यांची तुलना बहुधा किती गोळ्या मावतात यावर केली जाते. रोजच्या हाताळणीत दुसराच फरक महत्त्वाचा असतो. रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र बाहेर काढले की काडतुसे आहेत की नाहीत, हे एका नजरेत कळते. पिस्तुलाचे मॅगझिन काढून घेतल्यावरही एक काडतूस नळीच्या मुळाशी, चेंबरमध्ये, शिल्लक असू शकते. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत अनवधानाने गोळी सुटण्यामागच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासल्याखेरीज पिस्तूल रिकामे मानता येत नाही, आणि अरुंद आसनावर, मिणमिणत्या दिव्यात ही तपासणी नीट होत नाही. रिव्हॉल्व्हरही निर्धोक नव्हेच. जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो आणि शस्त्र खाली पडल्यास धक्क्याने बार उडू शकतो; म्हणून अशा शस्त्रात घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवण्याची जुनी पद्धत आहे. एकंदरीत, ज्याला सराव कमी आहे आणि शस्त्र दिवसातून अनेकदा काढावे-ठेवावे लागते, त्याच्यासाठी रिव्हॉल्व्हर अधिक समंजस निवड ठरते. २०१६च्या नियमांनी परवान्यासाठी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. ते केवळ प्रमाणपत्रापुरते उरकले जाऊ नये, हे सांगण्याची वेळ यावी, हीच खेदाची गोष्ट आहे.

निवडीला खरी चौकट घालतो तो २०१६च्या नियमांतील नियम ३२. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल नेताना ते अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या साधनात असले पाहिजे. इतर शस्त्रे त्यांच्यासाठी बनवलेल्या म्यानात असली पाहिजेत. शस्त्र पूर्णपणे झाकलेले हवे आणि नेणाऱ्या व्यक्तीचे त्यावर परिणामकारक नियंत्रण हवे. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र उगारणे किंवा झाडणे यास सक्त मनाई आहे. काचेतून दिसेल असे डॅशबोर्डवर ठेवलेले पिस्तूल या नियमात बसत नाही. उपाहारगृहासमोर गाडी लावून मालक जेवायला गेला आणि शस्त्र पुढच्या कप्प्यात राहिले, तर 'परिणामकारक नियंत्रण' कोणाचे, या प्रश्नाला त्याच्याजवळ समाधानकारक उत्तर नसते.

अडचण होते ती नेमकी येथे. न्यायालये, विमानतळ, अनेक शासकीय कार्यालये आणि गर्दीची देवस्थाने येथे शस्त्र आत नेऊ देत नाहीत. मग ते गाडीत ठेवले जाते. काच फोडून कप्पा उघडायला सराईत चोराला फारसा वेळ लागत नाही आणि कप्प्याचे कुलूप हे नावापुरतेच असते. ज्या दिवशी अशा ठिकाणी जायचे आहे, त्या दिवशी शस्त्र घरच्या तिजोरीतून बाहेरच न काढणे हा यावरचा सर्वांत साधा उपाय. प्रवासात पर्याय नसेलच, तर गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जखडलेली पोलादी पेटी, तिच्यात रिकामे शस्त्र आणि काडतुसे धारकाच्या स्वतःजवळ, एवढी व्यवस्था धोका कमी करते. कायदेशीर जबाबदारी मात्र तिने संपत नाही. शस्त्र हरवल्यास अथवा चोरीस गेल्यास विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे ही परवान्याची अट आहे. अटींचा भंग झाल्यास कलम ३० अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवाना जाण्याची शक्यता त्याहून मोठी.

उन्हाचाही विचार हवा. नागपूर, जळगाव किंवा ग्वाल्हेरच्या मे महिन्यात उन्हात उभी असलेली बंद मोटार आतून बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक तापते. काडतुसे गाडीत साठवून ठेवली तर वारंवारच्या उष्णतेने त्यांतील दारूचा गुण उतरतो. पावसाळ्यात कोकणपट्टीतल्या दमटपणाने शस्त्राला गंज चढतो, तो वेगळाच.

मालकाइतकाच या विषयाशी संबंध येतो तो चालकाचा. कलम २३ अन्वये पोलिसांना शस्त्रांच्या शोधासाठी वाहन थांबवून झडती घेता येते आणि कलम १९ अन्वये परवाना पाहण्यास मागता येतो. तो न दाखवल्यास शस्त्र जप्त होऊ शकते. अनेकांच्या संयुक्त ताब्यातील वाहनात गुन्ह्याशी संबंधित शस्त्र सापडल्यास, ज्यांना त्याची माहिती होती असे मानण्यास कारण आहे, अशा प्रत्येकावर कलम ३५ प्रमाणे जबाबदारी येते आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो. परवाना नसलेल्या व्यक्तीने दुसऱ्याचे शस्त्र नेण्यास कलम ३ मध्ये एक मर्यादित सवलत आहे : परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, आणि तेही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा धारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. मालक घरी राहिला, चालक एकटाच गाडी धुवायला किंवा इंधन भरायला गेला आणि कप्प्यात मालकाचे पिस्तूल निघाले, तर या सवलतीचा आधार त्याला सहजी मिळत नाही. महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या माणसाला मालकाच्या विसरभोळेपणापायी कोठडी पाहावी लागू शकते. कुटुंबातील मुलगा तीच गाडी घेऊन बाहेर पडला, तरी स्थिती हीच.

ताबा म्हणजे केवळ हातात असणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२च्या निकालात स्पष्ट केले आहे. शस्त्राची जाणीव आणि त्यावर अधिकार असेल, तर ते प्रत्यक्षात दुसऱ्याकडे असले तरी ताबा मानला जाऊ शकतो. याच तत्त्वाची दुसरी बाजू अशी की ज्याला शस्त्र असल्याचे ठाऊकच नव्हते, त्याला बचावाचा मार्ग मोकळा राहतो. पण तो मार्ग अटकेनंतर, न्यायालयात उघडतो.

राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांनी परवान्यावरील 'वैधता क्षेत्र' वाचणे आवश्यक आहे. महाराष्ट्रापुरता वैध परवाना घेऊन कोल्हापूरहून बेळगावला, सावंतवाडीहून गोव्यात किंवा धुळ्याहून इंदूरला शस्त्रासह जाणारा माणूस सीमा ओलांडताच त्या राज्यात परवाना नसलेला ठरतो. अंतर किती, हा मुद्दा तेथे गैरलागू असतो. अखिल भारतीय वैधता सर्वांना दिली जात नाही, आणि क्षेत्रवाढ हवी असल्यास अर्ज प्रवासाआधी करावा लागतो. निवडणूक काळात जिल्हा प्रशासन परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्यास सांगते. त्या दिवसांत नाकाबंदी कडक असते, आणि गाडीच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूसही मोठा मनस्ताप देऊन जाते.

शस्त्र वापरण्याचा हक्क किती, याबाबतचे गैरसमजही कमी नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क मांडला आहे. मालमत्तेच्या रक्षणार्थ प्राण घेण्यापर्यंतचा हक्क दरोडा-जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या जागेला आग लावणे, किंवा मृत्यू वा गंभीर दुखापतीची रास्त भीती निर्माण करणारी चोरी अशा प्रसंगांपुरताच आहे. कोणी उभी गाडी पळवून नेत आहे, एवढ्यावरून त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. रस्त्यावरील बाचाबाचीत शस्त्र बाहेर काढणे तर संरक्षणाच्या कोणत्याच व्याख्येत बसत नाही. हयगयीने किंवा आनंदोत्सवात गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूदही २०१९मध्ये जोडली गेली आहे.

अमेरिकेत परिस्थिती बरीच वेगळी आहे. तेथील अनेक राज्यांत गाडीत शस्त्र ठेवणे कायदेशीर आहे. टेक्सासने २००७मध्ये परवान्याविना मोटारीत पिस्तूल ठेवण्यास मोकळीक दिली. तरीही राज्याराज्यांतून शस्त्र नेताना संरक्षण देणाऱ्या १९८६च्या संघराज्य कायद्याने ते रिकामे आणि सहज हाती न लागणारे असावे, अशी अट घातली आहे. गाडीला वेगळी डिकी नसेल तर शस्त्र कुलूपबंद पेटीत हवे; पुढच्या आसनाजवळचा कप्पा ती पेटी मानला जात नाही. मोटारींतून शस्त्रे चोरीला जाण्याचे प्रकार वाढल्यावर कोलोरॅडोने १ जानेवारी २०२५पासून उभ्या वाहनातील पिस्तूल नजरेआड, कुलूपबंद कठीण पेटीत ठेवणे सक्तीचे केले.

भारतात वाहनासाठी म्हणून शस्त्राचा विचार नियमांनीच केलेला आहे तो रोकड वाहतुकीत. खासगी सुरक्षा संस्थांच्या रोकड वाहतुकीबाबतच्या २०१८च्या नियमांनुसार रोकड नेणाऱ्या गाडीवर चालकाखेरीज दोन सशस्त्र रक्षक असावे लागतात. एक पुढे चालकाशेजारी, दुसरा मागे. चहा-जेवणासाठी थांबल्यावरही किमान एक सशस्त्र रक्षक गाडीपाशी असला पाहिजे. शहरी भागात रात्री ९ नंतर आणि ग्रामीण भागात सायंकाळी ६ नंतर एटीएममध्ये रोकड भरता येत नाही, आणि एका फेरीत पाच कोटींहून अधिक रक्कम नेता येत नाही. या रक्षकांच्या हाती बहुधा १२ बोअरची बंदूक दिसते. ती लांब आहे, जड आहे, पण तिच्याजवळ माणूस सतत बसलेला असतो.