सापाची गोळी

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या आईने एक गोळी बंद केली. चकलीची भाजणी भाजता भाजता तिने तो निर्णय घेतला आणि घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही. प्रेशर तपासले तर वरचा आकडा ११० भरला होता. "प्रेशर नाही, मग प्रेशरची गोळी कशाला?" हा तिचा बिनतोड सवाल. भाऊबीजेच्या रात्री तिला आडवे पडवेना. पाय सुजले, तीन उशा लागल्या. चिपळूणचे आमचे डॉक्टर आले, त्यांनी डबीतल्या गोळ्या मोजल्या आणि म्हणाले, "काकू, ही गोळी तुमच्या प्रेशरसाठी नव्हतीच. हृदय दमले आहे, त्याच्यासाठी होती."

मी पडलो मराठीचा मास्तर. प्रेशरची गोळी प्रेशरसाठी नाही, हे वाक्य मला व्याकरणात बसेना. सुट्टीत पुस्तके धुंडाळली, तेव्हा त्या एवढ्याशा गोळीमागे जवळजवळ नव्वद वर्षांची कादंबरी निघाली.

१८९८ साली स्टॉकहोममध्ये टीगरस्टेड्ट आणि बर्गमन या दोघांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाच्या शिरेत सोडला. रक्तदाब चढला. त्या द्रव्याला त्यांनी 'रेनिन' नाव दिले, आणि जग ते पुढे तीन-चार दशके विसरून गेले. १९३४ मध्ये क्लीव्हलँडच्या गोल्डब्लाटने कुत्र्याच्या मूत्रपिंडाची धमनी चिमटली, तोही रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला. मग १९४० च्या सुमारास ब्वेनोस आयरीस आणि इंडियानापोलिस येथे, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, खरा कर्ता सापडला. रेनिनमुळे रक्तात एक हार्मोन तयार होते आणि ते रक्तवाहिन्या आवळते. दोघांनी बारसे निरनिराळे केले. १९५८ मध्ये तडजोड होऊन 'अँजिओटेन्सिन' हे नाव ठरले. दुसरे हार्मोन अल्डोस्टेरॉन. ते मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवते.

आता आईची गोष्ट. २०२१ च्या जुलैतल्या पुरापासून आमच्या बाजारपेठेत पावसाचा जोर वाढला की दुकानदार माल माळ्यावर चढवू लागतात. पूर खरा की अफवा, याची वाट कोण पाहतो! मूत्रपिंडही असेच अफवेवर चालते. हृदय दमले की त्याच्याकडे रक्त कमी पोहोचते. अंगातले रक्त वाहून चालले, अशी त्याची समजूत होते. ते रेनिन सोडते, वाहिन्या आवळल्या जातात, मीठपाणी साठू लागते. जखमी माणसाला वाचवणारी ही युक्ती दमलेल्या हृदयावर मात्र ओझे चढवते. माळाच वाकतो. प्रेशरचा आकडा ११० असला तरी आत हा गोंधळ चालूच असतो.

यावर उतारा शोधण्याच्या इतिहासात आपल्या मुंबईचेही एक पान आहे. के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या रोग्यांवरचे सर्पगंधेचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि आपल्या वैद्यांची ही मुळी जगाच्या दवाखान्यांत गेली. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ती रिकामे करते. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे सौम्य औषधे आली आणि सर्पगंधा मागे पडली. मला तिचा अजून अभिमान वाटतो, तो कोकणी म्हणून. आमच्या रानांत ती आहे.

तिच्या नावात साप होता. पुढचे औषध खरोखरच सापाने शिकवले. ब्राझीलच्या फेरेइराने १९६५ मध्ये 'जराराका' सापाच्या विषातला एक अंश दाखवला; तो लंडनला व्हेनच्या प्रयोगशाळेत गेला, आणि अँजिओटेन्सिन घडवणारी कात्रीच त्याने बोथट होते असे दिसले. त्या विषाचा कित्ता गिरवून कुशमन आणि ऑन्डेट्टी यांनी १९७५ मध्ये कॅप्टोप्रिल घडवले. त्याच कुळातले एनालाप्रिल स्कँडिनेव्हियातल्या अत्यवस्थ हृदयरोग्यांना दिले, त्याचा निकाल १९८७ मध्ये लागला. रोगी २५३. सहा महिन्यांत नुसत्या लुटुपुटूच्या गोळीवरचे शंभरातले ४४ गेले, खऱ्या गोळीवरचे २६. आईच्या डबीत होते ते हेच एनालाप्रिल.

हे सारे मी आईला वाचून दाखवले. आकड्यांचे तिला काही वाटले नाही. सापाशी मात्र ती थबकली.

"ब्राझीलच्या सापाचे औषध निघते, आणि आपल्या फुरशाचे?"

"निघाले आहे. त्याच्याच विषावरून रक्ताची गुठळी रोखणारे टायरोफिबान बेतले, तेही हृदयरोग्यांसाठीच."

"तरीच," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या मागितला.