पाच वजिरांचा पहारा

पावसाळ्यात मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतली मुले वर्गातच बुद्धिबळाचा पट मांडतात. एकदा एकाने विचारले, "सर, पटाच्या सगळ्या घरांवर पहारा ठेवायचा तर किती वजीर लागतील?" मी पडलो भाषेचा शिक्षक. उत्तर माहीत नव्हते. शोधायला बसलो, तेव्हा या एका प्रश्नातून गणिताची एक अख्खी शाखा वाढल्याचे समजले.

प्रश्न दिसतो जुना, पण फार जुना असू शकत नाही. भारतातला चतुरंग इराणमार्गे अरबांकडे गेला आणि शतरंज झाला. अब्बासी काळातल्या बगदादमध्ये त्यावर ग्रंथ लिहिले गेले. पटावरच्या कोड्याला अरबीत 'मन्सूबा' म्हणत. तोच शब्द आज आपण मराठी-उर्दूत बेत या अर्थाने वापरतो. मात्र त्या शतरंजमधला वजीर दुबळा होता, एका वेळी तिरके एकच घर चालायचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याची राणी झाली आणि तिला आठही दिशांना हवे तितके चालण्याची मुभा मिळाली. त्यानंतरच हा प्रश्न विचारण्याजोगा झाला.

1862 मध्ये रशियातले बुद्धिबळतज्ज्ञ कार्ल यानिश यांनी या प्रश्नाचा गणिती अभ्यास केला. उत्तर आहे पाच. पाच वजीर नीट मांडले तर 64 घरांपैकी प्रत्येक घरात एक तर वजीर असतो, नाही तर त्या घरावर एखाद्या वजिराची नजर असते. चार वजिरांना हे जमत नाही.

पुढे पट मागे पडला आणि विचार उरला. घरांऐवजी बिंदू घ्या, चालींऐवजी बिंदूंना जोडणाऱ्या रेषा. गणितात याला आलेख म्हणतात. कमीत कमी किती बिंदूंवर पहारेकरी बसवले म्हणजे उरलेला प्रत्येक बिंदू कुणा तरी पहारेकऱ्याला थेट जोडलेला असेल? 1958 मध्ये फ्रान्सच्या क्लोद बेर्झ यांनी ही संख्या वेगळ्या नावाने मांडली. 1962 मध्ये ऑइस्टीन ओरे यांनी तिला 'डॉमिनेशन नंबर' म्हटले. आपण प्रभुत्व संख्या म्हणू. 1977 मध्ये कॉकेन आणि हेडेटनिएमी यांनी तोवरच्या कामाचा आढावा घेतला आणि मग या विषयावर शोधनिबंधांची रीघ लागली.

लवकरच उलटा प्रश्न आला: जोडण्या तुटल्या तर? समजा, चार गावे आहेत आणि प्रत्येक गाव इतर तिन्ही गावांना रस्त्याने जोडलेले आहे. रस्ते झाले सहा, आणि पहारेकरी एकच पुरतो. एकमेकांना न भिडणारे दोन रस्ते तोडा, की प्रत्येक गावाचा एकेक रस्ता जातो आणि एक पहारेकरी अपुरा पडतो. एकच रस्ता तोडून हे होत नाही. म्हणून येथे 'बाँडेज नंबर', म्हणजे बंधन संख्या, दोन. ही कल्पना 1983 च्या एका निबंधात आली होती. हे नाव तिला 1990 मध्ये फिंक, जेकबसन, किंच आणि रॉबर्ट्स यांनी दिले.

या चौघांनी एक अंदाजही मांडला. ज्या बिंदूला सर्वांत जास्त रेषा मिळतात, त्याच्या रेषा मोजा आणि त्यात एक मिळवा; बंधन संख्या त्याहून मोठी नसावी. उदाहरणे जुळत होती. 1993 मध्ये टेश्नर यांनी तो खोटा ठरवला, तोही अवघ्या नऊ बिंदूंनी. तीन बाय तीनचा पट घ्या आणि हत्तीच्या चालीने घरे जोडा. रेषा 18, प्रत्येक घराला चार. कर्णावरचे तीन हत्ती सगळे सांभाळतात. एखाद्या घराच्या चारही रेषा तोडल्या तरी त्या घरात एक आणि उरलेल्या आडव्या-उभ्या ओळींत दोन असे तीनच पुरतात. अंदाजाप्रमाणे पाच रेषा तोडल्यावर पहारा मोडायला हवा होता. प्रत्यक्षात सहा तोडाव्या लागतात.

या कथेचा एक धागा आपल्या शेजारच्या गुलबर्ग्यात पोहोचतो. तिथले गणिती व्ही. आर. कुल्ली यांनी जानकीराम यांच्यासह 1996 मध्ये आणखी एक प्रश्न मांडला: पहारेकरी न वाढवता जास्तीत जास्त किती रेषा काढता येतील? त्याच नऊ घरांत हे उत्तर 12 येते. पहारा नसलेल्या सहा घरांची प्रत्येकी एक रेषा राखली की बाकीच्या गेल्या तरी चालतात. नेमक्या जागच्या सहा तुटल्या तर पहारा मोडतो, विचार करून 12 काढल्या तरी टिकतो. किती तुटले यापेक्षा कोणते तुटले, हे मोठे. घरात, मोहल्ल्यात, शाळेत हे आपण पाहतोच. इथे ते मोजून दिसते.

मला त्याहून भिडला तो 1993 चा प्रसंग. शंभर उदाहरणे जुळली तरी सिद्धता होत नाही, आणि चार जाणत्यांचा अंदाज मोडायला एक खरे उदाहरण पुरते. यात कुणाचा अपमान झाला नाही, उलट विषय पुढे गेला. वर्गात एखादा मुलगा "सर, पण इथे असं होत नाही" म्हणतो, तेव्हा हे आठवायला हवे.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी पाच हा आकडा सांगितला, जागा सांगितल्या नाहीत. वजीर कमी पडले म्हणून मुलांनी शर्टाची बटणे घेतली आणि सुट्टी संपल्याची घंटा त्यांना ऐकू आली नाही.