ऑटरबर्नची जळती मोटार : भाजलेलं शरीर काय सांगतं?



न उलगडलेल्या मृत्यूंवर तर्क लढवायला आपल्या सगळ्यांनाच आवडतं. अशा तर्कांत वैद्यकीय पुरावा हमखास ओढला जातो. तो किती भार पेलू शकतो, हे आज इंग्लंडमधल्या एका जुन्या प्रकरणातून समजून घेऊ.

काय घडलं?

६ जानेवारी १९३१ची रात्र. नॉर्दंबरलंड परगण्यातल्या ऑटरबर्न गावाजवळ, वुल्फ्स निक नावाच्या निर्जन माळावर, एका बसचालकाला जळालेली मोटार दिसली. शेजारी एव्हलिन फॉस्टर ही तरुणी गंभीर भाजून पडली होती. तिच्या वडिलांचा बस आणि टॅक्सीचा धंदा होता आणि ती स्वतः टॅक्सी चालवत असे. घरी आणल्यावर तिने सांगितलं, की एका अनोळखी प्रवाशाने वाटेत गाडी परत फिरवायला लावली, मारलं, अंगावर काहीतरी ओतून पेटवून दिलं आणि तो पळाला. काही तासांनी ती गेली.

त्या माणसाचा पत्ता कधीच लागला नाही. असा कोणी नव्हताच, तिनेच विम्यासाठी गाडी पेटवली आणि त्यात ती भाजली, असा तर्क पुढे आला. कॉरोनरपुढच्या चौकशीत मात्र ज्यूरीने 'अज्ञात व्यक्तीकडून खून' असा निर्णय दिला. पोलीसप्रमुखांनी तो जाहीरपणे अमान्य केला. आपल्या मुलीला खोटं ठरवलं गेल्याचं दुःख आईवडिलांच्या वाट्याला आलं.

'इतकी भाजली, तर इतकं कशी बोलली?'

ही शंका नेहमी येते. पण खूप भाजलेला रुग्ण पहिले काही तास पूर्ण शुद्धीत असू शकतो. खोल भाजलं की त्वचेतल्या मज्जातंतूंची टोकंच नष्ट होतात, त्यामुळे त्या भागात वेदना फारशी जाणवत नाही. घात होतो तो नंतर. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरत जातो, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण शॉकमध्ये जातो. आज आपण भाजलेल्या भागाच्या टक्केवारीवरून हिशेब करून सलाईन देतो. १९३१ साली ही पद्धत रूढ नव्हती. तेव्हा तिचं बोलणं वैद्यकीयदृष्ट्या अशक्य मुळीच नव्हतं. अर्थात शुद्धीत असणं म्हणजे सांगितलेलं सगळं खरं असणं नव्हे.

पेट्रोलची वाफ

शवविच्छेदन करणारे प्राध्यापक स्टुअर्ट मॅक्डोनाल्ड यांच्या मते, भाजल्याच्या खुणांवरून ती काही वेळ बसलेल्या स्थितीत जळत असावी. हे तिच्या जबाबाशी जुळतं. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि ठिणगी लागताच भडकते. म्हणजे गाडी पेटवायला गेलेल्या माणसाचे पाय-मांड्याही अशाच भाजू शकतात. भाजलेल्या जागांवरून ज्वाळा कुठे पोहोचल्या ते कळतं. काडी कोणी ओढली ते कळत नाही.

चेहऱ्यावर मारहाणीची खूण नव्हती, हा मुद्दाही तिच्याविरुद्ध वापरला गेला. पण प्रत्येक फटक्याचा वळ उठतोच असं नाही, आणि भाजलेल्या, सुजलेल्या त्वचेवर तो दिसणंही कठीण.

एका शब्दावरची थिअरी

हौशी तर्कांचा कळस पुढे आहे. अर्नेस्ट ब्राउन नावाच्या माणसाने यॉर्कशरमध्ये मालकाला गोळी घालून गॅरेज पेटवलं होतं. १९३४ साली त्याला लीड्सला फाशी झाली. शेवटच्या क्षणी तो 'ऑट टू बर्न' (जळायलाच हवं) म्हणाला की 'ऑटरबर्न', यावर पुढे बरीच चर्चा झाली. जोनाथन गुडमन या लेखकाने १९७७च्या पुस्तकात त्याच्यावर संशय रोखला. कल्पना विलक्षण आहे, पण तिचा एक मोठा आधार म्हणजे अर्धवट ऐकू आलेला एक शब्द!

आपल्याशी काय संबंध?

आपल्याकडच्या बर्न्स वॉर्डमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. 'स्टोव्हचा भडका उडाला' असं सांगणारी बाई खरं सांगते आहे की घाबरून? म्हणूनच मृत्युपूर्व जबाब घेताना रुग्ण शुद्धीत आहे आणि जबाब देण्याच्या स्थितीत आहे, अशी नोंद डॉक्टरांकडून घेतली जाते. डॉक्टरने तेवढंच लिहायचं असतं. जबाब खरा की खोटा हे न्यायालय ठरवतं.

तुमच्या जवळचं कोणी असं भाजलं, तर आधी उपचार. ते बोलत असेल तर 'म्हणजे बरं आहे' असं समजून वेळ घालवू नका. आणि ते जे सांगेल, ते त्याच्याच शब्दांत डॉक्टरांना सांगा. त्यात आपला तर्क मिसळू नका.