मोरीच्या पाण्याची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील मौजे बीबीसारख्या वऱ्हाडी गावांत मोरीचे पाणी परसात सोडण्याची वहिवाट इतकी जुनी आहे, की तिचा दाखला दप्तरात धुंडाळण्याची गरज कोणास भासली नसावी. जेथे ते पाणी मुरे तेथे कर्दळ, अळू आणि क्वचित केळ फोफावे, व घरच्या बाईच्या लेखी सांडपाण्याचा बंदोबस्त तेथेच पुरा होई. या वहिवाटीस शास्त्र म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. कर्दळ तेथे असे ती पाणी शुद्ध व्हावे म्हणून नव्हे, तर वाया जाऊ नये म्हणून.

शास्त्राचे कुळ निराळे. उत्तर जर्मनीतील प्लोन येथे, १९५०च्या दशकाच्या आरंभी, केटे सायडेल या विदुषीने तळ्याकाठच्या लव्हाळ्यांच्या मुळांशी दूषित पाणी निवळते याचे प्रयोग आरंभिले, आणि सिमेंटच्या टाक्यांवर निष्ठा असलेल्या अभियंत्यांचा उपहास सोसला. पुढे त्यांचे सहकारी राइनहोल्ड किकुथ यांनी खडीऐवजी चिकणमातीत बोरू लावण्याचा पुरस्कार केला व १९७४ साली ओथफ्रेसेन येथे तसा प्रकल्प उभा राहिला. परंतु मुळे माती पोकळ करतील ही अपेक्षा फोल ठरून पाणी वरच्यावर वाहू लागले, आणि वंशाचा वारसा अखेर खडीकडेच गेला.

दूर देशीचा हा भाऊबंदकीचा तंटा वऱ्हाडच्या काळ्या जमिनीस फार जवळचा आहे. पावसाळ्यात फुगून मिटणाऱ्या या मातीत साधा शोषखड्डा तुंबतो. परंतु ज्या काळ्या पाषाणापासून ती माती झाली, त्याचीच खडी हातभर खोल, पाणी न झिरपणाऱ्या हौदात भरून तीत कर्दळ लावली, तर पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून संथपणे सरकते, खडीस चिकटलेले जीवाणू त्यातील घाण खातात, पोकळ देठांवाटे मुळांशी थोडा प्राणवायू उतरतो, आणि उघडे पाणी न राहिल्याने डासांस थारा मिळत नाही. १९५८ साली नागपुरात स्थापन झालेल्या, आज ‘नीरी’ या नावाने परिचित असलेल्या संस्थेने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ पद्धत सिद्ध केली. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात ती वापरली गेली.

जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरांच्या हिशेबाने पाच माणसांच्या घरात रोज २७५ लिटर पाणी येते आणि त्यातील बराच मोठा भाग मोरीवाटे परत जातो. म्हणजे नळ जसा अंगणात आला, तसा परसातला चिखलही वाढला. हौदाची तजवीज त्यामुळे अगत्याची. मात्र त्याआधी एक लहान टाके हवे, ज्यात भांड्यांचे खरकटे, तेल आणि साबणाची साय अडकावी; ते न उपसल्यास वर्षा-दोन वर्षांत खडी तुंबते. कर्दळीची छाटणी हौसेने होते. गाळ उपसण्याची पाळी कोणाची, हे खडी आणण्यापूर्वीच घरात ठरवून घ्यावे.