रात्री कुठं झोपला होता?

साल 1996, जुलै महिना. मोबाइल विसरा. इंटर्नशिप संपून जेमतेम दोन महिने झालेत आणि घाटाखालच्या या प्राथमिक आरोग्य केंद्रात तुम्ही एकटेच डॉक्टर आहात.

पहाटेचे साडेपाच. पाऊस कोसळतोय, वीज गेलीय. बारा वर्षांच्या पोराला बापाने पाठुंगळी आणलंय. तीनपासून पोट दुखतंय, एक उलटी झाली. तुम्ही पोट चाचपता. मऊ. ताप नाही. काल गावजेवण होतं म्हणे. झालं! केसपेपरवर ‘अपचन’ लिहून तुम्ही डायसायक्लोमिनचं इंजेक्शन भरता. उजाडलं की घरी पाठवायचं.

सिस्टर कंदील पोराच्या तोंडाशी धरतात. “डॉक्टर, पापण्या बघा.”

“झोप झाली नाही त्याची.”

“ही झोप नव्हे. वर बघायला सांगा.”

तुम्ही सांगता. पोर जोर लावतं, कपाळावर आठ्या पडतात, भुवया चढतात. पापण्या तिथंच. जीभ काढ म्हणता, ती दातांपुढे येत नाही. तुमच्या हातापायातलं बळ जातं.

“रात्री कुठं झोपला होता?” सिस्टरच आईला विचारतात.

“खालीच, पडवीत. गोधडीवर.”

मण्यार! रात्री अंथरुणात शिरतो, दात इतके बारीक की झोपलेल्याला कळतही नाही. सूज नाही, आग नाही, बॅटरीच्या उजेडात अंगभर शोधूनही खूण सापडत नाही. विष नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. आधी पापण्या, मग घसा, मग छाती. हे सगळं तुम्ही पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. विचारलं मात्र नाहीत. मला सर्वांत जास्त बोचतं ते हेच.

आता लस. कुपीतली पूड पाण्यात विरघळवायची. खळाखळा हलवली तर फेस होतो, म्हणून तळहातांत हळूहळू फिरवायची. एकेक करत दहा कुप्या. हात थरथरत असताना ही दहा मिनिटं फार लांबतात. मग जीप. 108ची गाडी महाराष्ट्रात यायला अजून 18 वर्षं आहेत. वाटेत पोराचा श्वास उथळ होतो आणि जिल्हा रुग्णालय येईपर्यंत तुम्ही अंबू बॅग दाबत राहता, सिस्टर हनुवटी उचलून धरतात.

तिसऱ्या दिवशी पापण्या उघडतात.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोट धरून उठलं, तर थेट दवाखाना गाठा. ते कुठं झोपलं होतं हे डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. अंगावर खूण नसली तरी सांगा.