वादळाची नोंदवही

उल्हासनगरच्या बाजारातून घेतलेला सिंथेटिक स्वेटर थंडीत, अंधारात अंगातून काढून बघा. तडतड ऐकू येते, कधी ठिणगीही दिसते. उपग्रहाचं असंच होतं, फक्त तिथे साचलेला विद्युतभार उतरवायला जमीन नसते.

जपानचा मिदोरी-२ अशानेच गेला. २५ ऑक्टोबर २००३ला त्याची वीज ६ किलोवॅटवरून १ वर आली आणि संपर्क तुटला. सोडून वर्षही झालं नव्हतं. ध्रुवाजवळच्या इलेक्ट्रॉनांमुळे वायरींच्या जुडग्याभोवतीचं वेष्टण भारित झालं आणि ठिणगीने वायरी जळाल्या, असा तपासाचा निष्कर्ष. पुढच्या वर्षी जपानने 'मस्कॅट' हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. उपग्रहावर कुठे किती भार साचेल, हे ते आधीच सांगतं.

पण ते खरं सांगतंय कशावरून? त्यासाठी निर्वात टाकीत प्लाझ्मा, म्हणजे भारित कणांचा विरळ वायू, तयार करतात. त्यात धातूचा तुकडा ठेवून व्होल्टेज देतात, मिळालेला प्रवाह मोजतात आणि सॉफ्टवेअरच्या उत्तराशी ताडून बघतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही इस्रोसाठी सौरपॅनेलवरच्या ठिणग्यांचे असे प्रयोग झालेत.

टाकीची अडचण एकच: वादळ तुम्ही घालाल तेवढंच. सगळ्यात वाईट दिवस किती वाईट असू शकतो, हे जुन्या कागदांत शोधावं लागतं. तो कागद मुंबईत सापडला.

२ सप्टेंबर १८५९. सूर्यावरून आलेल्या वादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरलं. लंडनजवळच्या वेधशाळांत फोटोच्या कागदावर आपोआप नोंद होई. तिथली रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला माणसं डोळ्यांनी वाचून हाताने लिहीत होती. एरवी तासातासाने, वादळात मात्र काही मिनिटांनी. हाताने लिहिणाऱ्याची रेघ कागदाबाहेर जात नाही! त्यांच्या वहीत सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण उतरली. १९८९मध्ये क्युबेक अंधारात बुडवणाऱ्या वादळाचा जागतिक निर्देशांक ५८९ होता.

मी बदलापूरचा. आमच्या चंदेरीच्या डोंगरापलीकडे, नवीन पनवेलला, भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिथल्या गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत ती नोंद जगापुढे मांडली. तेही २००३मध्येच, मिदोरी-२ जाण्याच्या काही महिने आधी.

चुंबकाची नोंद म्हणजे इलेक्ट्रॉनांची मोजणी नव्हे, हे खरं. तासाची सरासरी काढली तर घसरण जवळपास निम्मीच भरते, हा आक्षेपही मला रास्त वाटतो. पण त्या दिवसाची, इतक्या कमी अक्षांशावरची सलग नोंद दुसरी कुठली आणणार?