तंजावरातील मराठी कीर्तन : एक भाषिक साक्ष

कीर्तनकार आणि त्याचे साथीदार परमुलखात नेमके काय ठेवून जातात, याचा विचार तंजावराच्या उदाहरणाने करता येतो. तेथील भोसल्यांचे राज्य १८५५ साली खालसा झाले. परंतु ज्यांच्या कीर्तनांचा प्रभाव घेऊन तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेस नवे रूप दिले, ते रामचंद्रबुवा मोरगावकर तेथे आले ते त्यानंतर. तेव्हा ही कला केवळ राजाश्रयाने रुजली, हे आपल्याकडील रूढ विधान अपुरे ठरते.

शब्दांची साक्ष अधिक बोलकी आहे. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही छंदनामे हरिकथेत तशीच राहिली. तमिळ लिपीत ‘भ’ला निराळे अक्षर नाही, त्यामुळे ‘अभंग’ हा शब्द अक्षरशः वाचणाऱ्या मराठी माणसास ‘अपंगम्’ दिसावा, हा निव्वळ लिपीचा विनोद! याहून महत्त्वाचा शब्द ‘चिप्लाकट्टै’. यातील पूर्वपद आपली चिपळी; ‘कट्टै’ म्हणजे लाकूड. मूळ शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्यास स्पष्ट नसला, की असे स्पष्टीकरणात्मक पद जोडले जाते, जसे आपण पोर्तुगीज पावास ‘रोटी’ जोडून ‘पावरोटी’ केली. चिपळी तेथील बोलीत सामावली गेली, एवढा अर्थ यातून घेता येतो.